गुरुजींचा कुंभक

सकाळी सव्वासहा वाजता कराडच्या प्रीतिसंगमावर चार हजार माणसं एकदम श्वास घ्यायची थांबत.

कृष्णा आणि कोयना समोरासमोर धावत येऊन जिथं एकमेकींच्या गळ्यात पडतात, तिथल्या घाटापासून वरच्या बागेपर्यंत सतरंज्यांच्या रांगा लागत. रात्रपाळी उतरून थेट आलेले साखर कारखान्यातले कामगार, ड्यूटीवर जाण्याआधीचे पोलीस, शाळांचे शिक्षक, घरी एकमेकींशी न बोलणाऱ्या पण इथं मांडीला मांडी लावून बसणाऱ्या जावा, खुर्ची मागायची लाज वाटून पायरीवरच टेकलेले म्हातारे. प्रत्येकाच्या मानेवर, जबड्याखाली दोन्ही अंगांना, नाण्याएवढी एकेक मऊ चकती. तिला सगळे पट्टीच म्हणत. श्वास हळूहळू चढत जाई, मोठा होई, मग तसाच पायरीपायरीनं उतरे, इतका बारीक होई की नाकापुढं धरलेला दोरा हलू नये. आणि थांबे. अठ्ठावीस आकडे होईतो चार हजार छात्या निश्चल. तेवढ्या वेळात पलीकडच्या काठावरच्या मळीतली टिटवी स्पष्ट ऐकू येई. मग सगळे एकदम श्वास घेत आणि बांधावरून पाणी सुटल्यासारखा आवाज होई.

"माउली, श्वास आपण रोखायचा नाही," कर्ण्यावरून स्वयंसेवक हळुवार सांगे. "मन थांबलं की तो आपोआप थांबतो. हाच केवल कुंभक. हीच आपल्या गुरुजींची देणगी."

व्यासपीठावर हणमंतराव डुबल गुरुजींची तसबीर असे, ताज्या झेंडूच्या हारात.

आज त्या गर्दीच्या पार मागे, चिंचेच्या बुंध्याला टेकून, गुरुजींची मुलगी गिरिजा उभी होती. तिच्या मानेवर पट्टी नव्हती. ती आकडे मोजत होती. गेले अकरा दिवस ती जिथं जाईल तिथं आकडेच मोजत होती. कारण हा थांबणारा श्वास म्हणजे योग नव्हे, आजार आहे, हे तिला कळलं होतं. आणि तो या चार हजारांच्या, राज्यभरातल्या आणखी चाळीस लाखांच्या अंगात शिरला होता तो तिच्याच हातून.

*

गुरुजी एका शाळेत कवायतीचे मास्तर होते. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले आणि पहाटे याच घाटावर येईल त्याला फुकट प्राणायाम शिकवला. दम्यानं बेजार झालेली माणसं त्यांच्याकडे येत आणि सहा महिन्यांनी जिना न थांबता चढत. कोर्टकचेऱ्यांनी झोप उडालेली माणसं येत आणि घाटावरच पेंगायला लागत. गुरुजींचं शिकवणं साधं होतं. "श्वासाशी कुस्ती खेळू नका रे. पाहुणा आहे तो. आला तर या म्हणा, निघाला तर अडवू नका." कुंभक, म्हणजे श्वास थोपवून धरणं, ते पहिली दोन वर्षं कुणाला शिकवतच नसत. संध्याकाळी दगडूबुवा काशीदांचं कीर्तन असलं की पांढरा सदरा घालून टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहत. बुवा आणि गुरुजी चौथीपासूनचे सोबती. बुवांनी चरण उचलला की मागून गुरुजींचा आवाज असा उठे, की लहानगी गिरिजा आईच्या मांडीवर झोपेतून जागी होई.

पुढे ती पुण्याला शिकली. शरीरातल्या विजेची यंत्रं बनवायचं शिक्षण घेऊन परत आली ती सुजय पिसाळच्या कंपनीत. सुजय गुरुजींचाच विद्यार्थी. हुशार, गोड बोलणारा, गुरुजींच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय कामाला हात न लावणारा.

मेंदू जिथं मानेत उतरतो, त्या देठाशी मूठभर पेशींचा एक पुंजका असतो. आपण झोपलो तरी तो झोपत नाही. श्वासाचा ठेका तोच धरतो. सुजयच्या माणसांना शोध लागला तो असा, की हा ठेकेवालाही शिकू शकतो. मानेतून दोन नसा जातात. एक छाती-पोटामधला पडदा हलवते, दुसरी काळजाला आणि आतड्यांना 'निवांत' म्हणून सांगते. बाहेरून अगदी मंद वीज देऊन या दोन्ही नसांना एखाद्या माणसाच्या श्वासाची लय रोज दोन तास ऐकवली, तर चाळीस दिवसांत देठातला तो पुंजका ती लय पाठ करतो. मग पट्टी काढली तरी लय राहते. लहानपणी पाठ केलेले पाढे कुठं जातात?

प्रश्न एवढाच होता, की लय ऐकवायची कुणाची.

"कुणाची म्हणजे?" सुजय म्हणाला होता. "ताई, घरात गंगा असताना बंबाचं पाणी कशाला?"

गुरुजी तेव्हा एक्काहत्तर वर्षांचे. ते आढेवेढे घेत होते. "अगं, आता म्हातारा झालो मी. एखादा तरणा बघ." पण गिरिजानं हट्ट धरला आणि शेवटी ते तयार झाले. अकरा सकाळी ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसले आणि गिरिजा शेजारी पाटावर बसून पडद्यावरची रेघ बघत राहिली. रेघ चढत जाई, उतरत जाई, सपाट होई. पहिल्या दिवशी बारा आकडे सपाट. पाचव्या दिवशी अठरा. अकराव्या दिवशी अठ्ठावीस. इतके आकडे श्वास नाही आणि चेहऱ्यावर धडपडीचं चिन्ह नाही! गिरिजाचे डोळे भरून आले. आपला बाप कुठल्या पायरीला पोचलाय हे आपल्याला आजवर कळलं नाही, असं तिला वाटलं. तिनं नोंदवहीत लिहिलं : आदर्श श्वास.

"अप्पा, ही समाधी का हो?" तिनं विचारलं होतं.

गुरुजी हसले होते. हो म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

दोन महिन्यांनी त्याच खुर्चीत ते गेले. वर्षभरात पट्टी शाळांत गेली, पोलीस ठाण्यांत गेली, कोचिंग क्लासांत गेली. लावणारे म्हणत, असं वाटतं की आत कुणीतरी दार लावून घेतलंय आणि बाहेरचा गलका ऐकूच येत नाही.

*

अकरा दिवसांपूर्वी गिरिजा एका रुग्णालयात नवीन यंत्र बसवायला गेली होती. काम संपवून हात पुसत असताना शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. त्याच्या उशाशी पडद्यावर एक रेघ चालली होती. चढली, उतरली, सपाट झाली. गिरिजा नकळत मोजू लागली. सव्वीस.

"ह्यांनी कुणाकडे साधना केलीय?" तिनं परिचारिकेला विचारलं.

परिचारिका सलाइनची नळी सारखी करत होती. तिनं मान वळवून गिरिजाकडे बघितलं, थट्टा आहे की काय म्हणून. "कसली साधना ताई? हृदय थकलंय त्यांचं. असे श्वास सुरू झाले की आम्ही नातेवाइकांना बोलावून घेतो."

गिरिजा तिथंच स्टुलावर बसली.

गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खालच्या न्हाणीत येतं तेव्हा काय होतं, ते आठवा. नळ लांब, पाणी हळू. गार लागतं म्हणून आपण गरम जास्त सोडतो. ते पोचतं तेव्हा भाजतं, म्हणून बंद करतो. ते बंद केलेलं खाली पोचलं की पुन्हा गारठतो. थकलेल्या हृदयाचं हेच होतं. रक्त सावकाश फिरतं, म्हणून छातीतली बातमी मेंदूला उशिरा कळते. मेंदू घाबरून श्वास वाढवतो, वाढवतच जातो. मग जास्त झालं म्हणून बंदच करतो. तो बंद काळ हाच तो कुंभक. समाधी नव्हे, उशिरा पोचलेला निरोप.

आणि पट्टीनं तो निरोपाचा उशीर धडधाकट माणसांच्या मेंदूला पाठ करायला लावला होता. गुदमरल्याची भावना येते ती प्राणवायू कमी पडला म्हणून नव्हे, तर आत दूषित वायू साठला म्हणून. तीच शरीराची घंटा. अठ्ठावीस आकडे घंटा वाजू न देता राहायचं, तर घंटेचा लोलकच काढून घ्यायला हवा. पट्टीनं तो काढला होता. म्हणूनच तर इतकी शांतता वाटत होती. घरात बसून राहिलात तर काही होणार नाही. पण जिना चढताना, ओझं उचलताना, ताप आल्यावर शरीर हवा मागेल आणि मागतंय हे कुणाला कळणारच नाही. गेल्या सहा महिन्यांत पट्टीवाल्यांपैकी कुणी झोपेत गेलं होतं, कुणी पोहताना. 'शांतपणे गेले' असं त्यांच्या बातम्यांत आवर्जून लिहिलेलं होतं.

*

आई शालनबाई देवापुढं वाती वळत बसली होती. तिच्याही मानेवर पट्टी. गुरुजींच्या तेराव्यालाच तिनं मागून घेतली होती. "त्यांचा श्वास माझ्यात चालतो गं," ती सांगायची. "अंथरुणाला पाठ टेकली की शेजारी असल्यागत वाटतं."

"आई, अप्पांना हृदयाचा आजार होता का?"

वात वळणारा हात थांबला नाही. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे होता."

"दोन वर्षं होता. कोल्हापूरला जाऊन तपासलं, दुसऱ्या नावानं. दगडूबुवा गेलते संगं." आईनं वात तुपात बुडवली. "लोकांना श्वास शिकवणारा माणूस. त्यालाच धाप लागती म्हटल्यावर घाटावर कोण आलं असतं? मला शपथ घातलीती. गिरजीला तर आजिबात सांगू नको म्हणले. तिचं मोठं काम चाललंय माझ्यावर."

"त्या तपासणीचा कागद कुठंय?"

"अस्थींच्या मडक्यात घातला. संगमावर सोडला. माणसाबरोबर त्याचं दुखणं जावं म्हणून."

"आई, तो श्वास समाधीचा नव्हता. ते दुखणंच होतं. तुझ्या मानेवर आहे ते अप्पांचं दुखणं आहे. काढ ते."

आई पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. वर्षभरात ते कधी ओले झालेच नव्हते. "गिरजे, चाळीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले मी. शेवटाला माझ्यासाठी एवढंच राहिलंय. तुझ्या मशिनीनं दिलं आणि तूच काढून घेती व्हय?"

*

सुजयनं सगळं शांतपणे ऐकलं. तो सगळंच शांतपणे ऐकायचा. मधे अठ्ठावीस आकडे थांबून मग उत्तर द्यायचा.

"ताई, पुस्तकात ज्या रेघेला आजार म्हटलंय, तीच रेघ योग्याची असली तर सिद्धी असते. ठरवायचं कुणी? तू तंत्रज्ञ आहेस."

"चाळीस लाख माणसं आहेत, सुजय!"

"आणि त्यातल्या एकानंही तक्रार केलेली नाही."

"घंटाच वाजत नाही त्यांची, तक्रार कशी करतील?"

"कागद आहे? कुणी साक्षीदार?" तो उठून तिच्याजवळ आला. खरंच काळजीनं म्हणाला, "तू झोपत नाहीयेस ताई. एक पट्टी लावून तर बघ. तुझ्या वडिलांचीच आहे."

*

आई तोंड उघडणार नव्हती; साक्षीदार एकच उरला होता. दगडूबुवा काशीद ओगलेवाडीच्या घरी सोप्यात बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होते. वय बहात्तर, अंग वाळकं, आवाज मात्र अजून गाव जागं करील असा. त्यांच्याही मानेवर चकत्या. उद्घाटनाची पहिली पट्टी सुजयनं भर मंडपात त्यांच्याच मानेला लावली होती, मित्राचा मान म्हणून.

गिरिजा बोलत गेली. ती थांबल्यावर बुवांनी मानेवरच्या चकत्या एकेक करून सोलल्या आणि खिडकीच्या फळीवर ठेवल्या.

"कोल्हापूरला मीच घेऊन गेलतो गिरजे. डॉक्टर म्हणला, औषध घ्या, दगदग बंद. हणमा म्हणला, आधी टाळ बंद करू का घाट, ते सांगा." बुवांनी नवी दोरी ओवायला घेतली. "पण मला वाटलं, दुखणं येगळं आन् साधना येगळी. दुखण्यात राहून हणमानं गाठलं, असं वाटलं. चार ठिकाणी कीर्तनात सांगितलं मी हे. लोकं रडली."

"सगळ्यांनाच तसं वाटलं, बुवाकाका. मला सुद्धा."

"तुझं वय हाय चुकायचं. माझं नव्हतं." त्यांनी दोरीची गाठ दातानं आवळली. "येत्या एकादशीला त्याचं वर्षश्राद्धाचं कीर्तन हाय संगमावर. दहा हजार माणूस यील. मी सांगतो नारदाच्या गादीवरनं."

"आधी पत्रकारांना सांगू. खुर्चीवर बसून सांगा."

"खुर्चीवरनं सांगितलेलं बातमी असतं पोरी. उद्या दुसरी येती. गादीवरनं माणूस खोटं बोलत न्हाई, हे लोकांना ठावं हाय."

"मग सुरुवातीलाच सांगा. उभं राहिल्या राहिल्या."

बुवा हसले. या हसण्यात पन्नास वर्षांचं कसब होतं. "तुला यंत्राचं कळतं, मला माणसाचं. आल्या आल्या कडू सांगितलं तर निम्मे उठतील, निम्मे भांडतील. चार चरणांचा अभंग धरायचा. पहिल्या चरणाला लोकं टेकत्यात, दुसऱ्याला हसत्यात, तिसऱ्याला पाझरत्यात. चौथ्याला काय बी सांग, आत घेत्यात. माझ्या गुरूनं हेच शिकवलंय. गाभा शेवटाला."

"पण तुमचे चाळीस दिवस कधीच झालेत, बुवाकाका! पट्टी काढून भागत नाही. दीड तास गाताना, नाचताना शरीर हवा मागेल आणि तुम्हाला कळायचंच नाही. अप्पा गेले त्या वयापेक्षा एक वर्षानं मोठे आहात तुम्ही."

"सावकाश गातो मग."

"तुम्ही कधी सावकाश गायलात?"

"हणमासाठी गातो की," बुवा म्हणाले. "जा आता. आन् शालनवहिनीला म्हणावं, शपथ तिला घातलीती. मला न्हाई."

*

एकादशीला संगमावर मुंगीला वाट नव्हती. पुढच्या ओळीत सुजय, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. शेजारी शालनबाई. गिरिजा टाळकऱ्यांच्या मागे, खांबाशी.

बुवा उभे राहिले, भगवी पताका वाऱ्यावर हलली, आणि काय सांगावं! ज्याला कीर्तनाचा लळा आहे त्यालाच कळेल, की म्हाताऱ्या देहात हा आवाज येतो कुठून. नमन झालं, नामघोष झाला, अभंग धरला. पहिला चरण. माणसं टेकली. दुसऱ्याला बुवांनी शाळेतल्या हणमाची गोष्ट सांगितली : कवायतीत डावा-उजवा कळेना म्हणून मास्तरांनी एका पायाला गवत आणि एका पायाला काडी बांधली, आणि दुपारी गवत म्हशीनं खाल्लं! मंडप हसून हसून लोळला. सुजयसुद्धा हसला. गिरिजाही हसली, आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की बुवांचे ओठ वेगळे दिसतायत.

तिसऱ्या चरणाला मृदंग चढला. बुवा दोन्ही हात उंच करून पावली खेळू लागले. सावकाश गाणार होते ते! चौसष्ट वर्षांच्या मैत्राची गोष्ट सांगता सांगता त्यांचे डोळे वाहत होते आणि समोर दहा हजार माणसं कोरड्या, निवांत डोळ्यांनी माना डोलवत होती. कुणी पाझरत नव्हतं. बुवांना ते दिसलं असावं. पन्नास वर्षांत असे श्रोते त्यांना भेटले नव्हते. म्हणून त्यांनी आवाज आणखी वर नेला. श्वास न घेता दोन ओळी, तीन ओळी. धाप लागायला हवी होती. लागत नव्हती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते आणि चेहऱ्यावर कष्टाची एक रेषा नव्हती.

"काका, बसा!" गिरिजा ओरडली. टाळांत ते बुडालं.

बुवांनी हात वर करून वाद्यं थांबवली. चौथा चरण अर्धा म्हटला. मग गद्यात आले. "माउली, आज मला एक कबुली द्यायचीय. माझ्या हणमाचा श्वास जो थांबायचा ना, तो..."

आणि थांबले.

एक. दोन. तीन. पताका हलत होती. बुवांचे डोळे अर्धे मिटले होते. टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. पुढच्या ओळीतली माणसं हात जोडू लागली. नऊ. दहा. गिरिजा खांब सोडून पुढं घुसली. दोन स्वयंसेवकांनी तिला प्रेमानं अडवलं.

"ताई, बसा. बुवांची समाधी लागलीय."

"अरे, सोडा! श्वास नाही त्यांना! श्वास नाहीये!"

"तेच तर, ताई," एक जण कुजबुजला. त्याचा चेहरा उजळला होता.

गादीवरच्या माणसाला मधेच शिवायचं नाही, ही रीत तीनशे वर्षांची असेल. टाळकऱ्यांपैकी एकही पाऊल पुढं पडलं नाही. वीस. एकवीस. दहा हजार माणसांचाही श्वास आता बुवांबरोबर थांबला होता. नदीचं वाहणं ऐकू येत होतं. अठ्ठावीस. मंडपानं एकदम श्वास घेतला.

बुवांनी घेतला नाही.

ते पडले ते सुद्धा सावकाश. आधी गुडघे, मग वीणा धरणाऱ्याच्या पायांशी डोकं. गिरिजा पोचली, तिनं छाती दाबायला सुरुवात केली, तोंडानं हवा भरली. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, शिवू नको गं, नेतायत त्यांना." मग कुणीतरी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि दहा हजार गळ्यांनी ते उचललं.

*

बुवांनी भर कीर्तनात, गादीवर देह ठेवला, ही बातमी संध्याकाळपर्यंत राज्यभर झाली. पट्टीची मागणी त्या आठवड्यात दुप्पट झाली. बुवांच्या अर्ध्या वाक्याचे अर्थ निघाले. 'माझ्या हणमाचा श्वास जो थांबायचा ना, तो...' तो म्हणजे साक्षात पांडुरंग, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं त्यावर प्रवचनमाला लावली.

गिरिजानं नोकरी सोडली. वर्तमानपत्रांत लिहिलं, डॉक्टरांना भेटली, दारोदार रेघा दाखवत हिंडली. काही तरुण डॉक्टरांनी मान डोलावली. पण तिच्याकडे ना कागद होता ना साक्ष. शेवटी एक चौकशी समिती नेमली गेली. तिची पहिली बैठक दोन मिनिटांच्या मौनानं सुरू झाली, आणि त्या मौनात सातपैकी पाच सभासदांचे श्वास बरोबर अठ्ठावीस आकडे थांबले. गिरिजानं मोजले. तिच्यावर कुणी रागावलं नाही, हेच फार वाईट होतं. रस्त्यात बायका थांबून तिच्या गालावरून हात फिरवत. "बापाचं दुःख आहे पोरीला. पट्टी लावत नाही ना, म्हणून त्रास होतो."

गुरुजींनी शिकवलेला तो जुना, पाहुण्यासारखा येणारा-जाणारा श्वास खराच होता. तो आता घाटावर कुणाला नको होता. त्याला दोन वर्षं लागत; याला चाळीस दिवस.

आता गिरिजा दुपारी घरीच असते. जेवणं झाली, की शालनबाई गुरुजींच्या आरामखुर्चीशेजारी चटई टाकून आडवी होते. डोळा लागला की तिचा श्वास चढू लागतो, मोठा होतो, पायरीपायरीनं उतरतो, थांबतो. गिरिजा उशाशी पाटावर बसते आणि मोजते. गेल्या महिन्यापर्यंत अठ्ठावीस व्हायचे. मग तीस. आज चौतीस झाले तेव्हा तिनं आईचा खांदा धरून जोरानं हलवलं.

आईनं खोल श्वास घेतला, डोळे उघडले. बराच वेळ ती कुठं आहे हे तिला कळेना.

"का हलवलंस?" ती म्हणाली. "आत्ता आलते ते. इथं, शेजारी. किती निवांत होतं गं."

"झोप आई. मी आहे."

आई कुशीवर वळली. गिरिजानं पदराखालून तिचा हात हातात घेतला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. याच पाटावर बसून, अशीच, तिनं अकरा सकाळी अप्पांचे आकडे मोजले होते. तेव्हाही एकदा हात पुढं करून खांदा हलवला असता, तर अप्पा जागे झाले असते, कदाचित खरं बोलले असते. तिनं हात पुढं केला नव्हता. हातात पेन होतं, आणि आकडा वाढला की ती आनंदानं लिहून ठेवत होती.